हरणओढ्याची तीन वळणे

एका राज्यात एक लहानसा ओढा होता, आणि तो वाकडा म्हणून तिथल्या राजाला खपत नसे. डोंगरातल्या उंबराच्या मुळाशी ओली जागा होती. तिथून हरणओढा निघे, तीन ठिकाणी वळे आणि तीन कोसांवर नदीला मिळे. राजा म्हणाला, "माझ्या राज्यात पाण्यानेही सरळ चालावे." त्याच्या जादूगाराने ओढा दोऱ्यासारखा ताणला आणि निघालेली तीन वळणे चांदीच्या विळ्यांसारखी खुंटीला टांगली.

सरळ झालेला ओढा कुठे थांबेना. पावसाचे पाणी एका दिवसात नदीत जाई. तिसऱ्या वर्षी माघातच विहिरी आटल्या, माणसे गाव सोडू लागली. राजवाड्याच्या हौदातही चिखल उरला, तेव्हा राजा म्हणाला, "वळणे परत लाव."

"महाराज," जादूगार म्हणाला, "ती कुठे होती ते मी पाहिलेच नाही. आणि एकदा काढलेल्या वळणाला शाप असतो. ठेवताना वीतभर चुकले, तर ओढा कायमचा सरळ राहील."

दवंडी पिटली. तान्हाई पाटकरीण तेवढी पुढे आली. ओढ्याचे पाणी पाटाने शेतोशेती पोचवण्यात तिची वीस वर्षे गेली होती. तिच्या खांद्यावर खंड्या पक्षी बसे. तो बोले, आणि जरा जास्तच बोले.

"तुला ओढा ठाऊक आहे?" राजाने विचारले.

"रोज त्याच्या काठाने चालले आहे, महाराज."

पहिले वळण काळ्या कातळापाशी. तान्हाईने कातळावर हात फिरवला; जी बाजू पाण्याने गुळगुळीत केली होती, तिथे वळण टेकवले. ते जमिनीत उतरले. दुसरे करंजापाशी. एका अंगाची मुळे उघडी, धुतलेली होती. तिथे दुसरेही उतरले.

तिसरे वळण तिच्या स्वतःच्या झोपडीमागचे. ओढा गेल्यावर त्या रिकाम्या पात्रात तिने कांदे लावले होते. तिथला गाळ अजून ओल धरून होता. पाटाचे काम बुडाले होते, वर्षाचे पोट या वाफ्यांवरच होते.

"मावशे, हातभर पलीकडे ठेव," खंड्या म्हणाला. "कांदे वाचतील."

"आणि चुकले तर?"

"शापाला काय कळते वाफा कुठला नि बांध कुठला!"

"मला कळते ना."

"मग खा वर्षभर शापच, मीठ लावून."

तान्हाई खाली बसली. तिने मूठभर माती उचलली. काळी, मऊ, एक खडा नाही. गावात अशी माती दुसरीकडे कुठेच नव्हती.

"खंडोबा, ही माती इथे कुणी आणली?"

खंड्याने मान वाकडी करून तिच्या मुठीकडे पाहिले.

"दर पावसाळ्यात इथे वळताना ओढा दमायचा आणि हातातले खाली ठेवायचा. दोन वर्षे मी ते खाल्ले. त्याची जागा दाबून कशी ठेवू?"

तिने ऐन वाफ्यांत, कांद्यांच्या पातीवर, दोन्ही हातांनी वळण ठेवले.

दुपारी उंबराच्या मुळाकडून पाणी आले. कातळाला वळसा घालून, करंजाची मुळे भिजवून, सावकाश आले. विहिरींना हातहात पाणी चढले. जादूगाराची खुंटी आपोआप गळून पडली. राजा अनवाणी काठावर आला.

"बाई, काय देऊ?"

"ओढ्याच्या वाटेत कुणी पेरू नये, एवढा हुकूम द्या. मीसुद्धा."

हुकूम झाला. तोवर गावच्या बाया पाट्या घेऊन पाण्यात उतरल्या होत्या. "अगं, नुसती बघतेस काय? उपट!" म्हणत त्यांनी कांदे काढले, तान्हाईच्या अंगणात पसरले, आणि जाताना प्रत्येकीने घरची पायलीभर ज्वारी तिच्या दारात ओतली.

शेवटचा वाफा तान्हाईने कुणाला काढू दिला नाही.

"हा त्याचा," ती म्हणाली.

पाण्याने एकेक कांदा हलकेच सोडवला, वळणावर गोल फिरवला आणि नदीकडे नेला. तान्हाई घोटाभर पाण्यात उभी राहून, हात जोडून बघत राहिली.