राखेखालचा विस्तव

ढवळ्या डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या एवढ्याशा झोपडीत मैना आणि तिची आई राहायच्या. घरात दोन वाडगी, एक घोंगडी, एक चूल. निजताना आई निखारे राखेत झाकून ठेवायची, म्हणजे सकाळी काडी ओढायला नको.

ओढ्यापलीकडच्या केसरकडे मात्र चांदीचे पैंजण होते. बावीस घुंगरं! मैनाने ती मोजली होती, एकदा नाही, रोज. केसर छुमछुम करत पाण्याला निघाली की मैनाचा नुसता जळफळाट व्हायचा. केसरने तिचं काहीच वाकडं केलं नव्हतं, म्हणून तर जास्तच राग यायचा.

वैशाखात मैना करवंदं वेचायला डोंगर चढली. माथ्याजवळ तीन दगडांची चूल दिसली. डोंगर बघायला आलेले शहरातले पाहुणे जेवून, विस्तवावर राख लोटून निघून गेले होते. विझला, असं वाटलं असणार त्यांना. मैनाने वर तळवा धरला, तर राख गरम होती.

तेवढ्यात शेवरीच्या कापसाची पांढरीशुभ्र म्हातारी तरंगत आली, आणि तिच्यावर बसून बोटाएवढी परी! गुलाबी झगा, मोरपिशी पंख, केसांत दवाचे इवले इवले मोती.

"पाखरांसाठी तू रोज एक फांदी करवंदं राखतेस," परी म्हणाली. "म्हणून एक इच्छा देते. डोळे मिटून शंभर मोज आणि मग मोठ्याने माग. पण पाऊल हललं की इच्छा गेली."

मैनाला विचार करावाच लागला नाही. केसरचे पैंजण! तसले दुसरे नकोत, तेच हवेत. तिने डोळे मिटले.

तीसला वारा सुटला. पंचेचाळीसला गवत तडतडलं. राखेत विस्तव मरत नाही, जपला जातो, हे चुलीपाशी वाढलेल्या मैनाला कुणी सांगायला नको होतं. खाली उतारावर केसरचा गोठा होता. मैनाची झोपडी ओढ्याअलीकडे, तिला धोका नव्हता.

जळू दे, मैनाच्या मनात आलं. मग तिची तिलाच भीती वाटली. गोठ्यात केसरचं ठिपक्यांचं वासरू बांधलेलं होतं.

साठ म्हणून झालं आणि मैना धावत सुटली.

केसरच्या अंगणात पोचली तेव्हा तिला धड बोलवत नव्हतं. "केसर, माथ्यावर कुणी विस्तव टाकून गेलंय. गवत पेटलंय."

डोंगरावर धूर दिसला की थाळी बडवायची, अशी गावाची रीत. थाळीही केसरकडेच होती! तिने ती बडवली. माणसं हिरव्या फांद्या आणि घागरी घेऊन धावली आणि आग गोठ्यापाशी यायच्या आत विझली. मग जो तो केसरची पाठ थोपटू लागला. मैना मागे उभी राहून ओठ चावत होती. पैंजण तिचे, थाळी तिची, आता शाबासकीही तिचीच.

"मी नुसती थाळी वाजवली," केसर म्हणाली. "खबर मैनानं आणली, डोंगरावरून धावत."

सगळे मैनाकडे वळले. तिला मात्र तोंड कुठे लपवावं कळेना.

दिवस कलताना ती घागर घेऊन पुन्हा वर गेली. चूल पुरती भिजवली, राखेत हात घालून गार झाल्याची खात्री केली. परी दगडावर बसली होती.

"साठ झाले होते. पुढचे मोज."

"पण माझं पाऊल हललं ना?"

"हललं. कुणासाठी हललं, तेही मी पाहिलं."

मैनाने डोळे मिटले. शंभर झाल्यावर ती म्हणाली, "केसरचे केसरकडेच राहू देत. मला माझे दे."

केशरी, सोनेरी, लख्ख उजेड झाला आणि परी त्यात विरून गेली. मैनाच्या धुळीने माखलेल्या पायांत पैंजण चमचमत होते. ती छुमछुम करत उतार उतरली, ती थेट केसरकडे.

तिच्या पैंजणांना घुंगरं किती होती? कुणास ठाऊक. मैनाने ती कधी मोजलीच नाहीत.