राजाच्या बागेतलं घरटं

पक्षी माणसांइतकेच बढाईखोर होते, त्या काळातली गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीवर पिवळोबा नावाचा सुगरण पक्षी राहायचा. या पक्ष्यांत घरटं नर विणतो आणि पसंत पडलं तरच मादी त्यात संसार मांडते. पिवळोबाचं घरटं अर्धंच झालं होतं. पण दोन हंगाम आसपासची शेतं चांगली पिकली, पोट सुटलं आणि स्वारीच्या डोक्यात हवा गेली.

"नदीपलीकडं राजाच्या बागेत उंच ताड आहेत," तो म्हणाला. "आपलंही एक घरटं तिकडं हवं."

"अहो, इथल्या घरट्याला अजून तळ नाही," त्याची सुगरण म्हणाली. "मी अंडी कुठं घालू?"

"तुझी नजर विहिरीपलीकडं जायचीच नाही!" असं म्हणून त्यानं त्याच घरट्यातली गवताची पाती उसवली आणि चोचीनं नदीपार वाहून नेली.

ताडावरचं घरटं झकास झालं. बागेतल्या आयतखाऊ मुनियांनी त्याचं तोंडभर कौतुक केलं आणि पिल्लांसकट आत मुक्काम ठोकला. मालकाला चोच खुपसायला जागा उरली नाही. तरी राजाच्या बागेतल्या पाहुण्या आपल्या घरट्यात राहतात, एवढ्यावरच खूश होऊन तो छाती फुगवून परतला.

"मुनियांना माझं घरटं फार आवडलं!" तो बाभळीवर बसून ओरडला.

शेजारच्या फांदीवर दुसऱ्याच एका नराचं साधंसं, पण पुरं विणलेलं घरटं होतं. त्यातून सुगरणीनं डोकं बाहेर काढलं.

"आवडणारच रे," ती म्हणाली. "आता जरा हळू ओरड. मी अंडी उबवतेय."