अजून एक फेरा

“आणि तुटली तर?”

“कोण?”

“तार हो, मास्तर. ही पहिली. फार बारीक आहे.”

“तुटली तर दुसरी लावू. पिळ खुंटी.”

अंबादास ढाकणेनं खुंटीला हात लावला आणि काढून घेतला.

शांतवन मास्तर कानामागे हात धरून बसले होते. वय ब्याऐंशी. नगरच्या मिशन शाळेत छत्तीस वर्षं त्यांनी गाणं शिकवलं. आता कान असे झाले होते की त्यांच्या दारावरची बेल आधी शेजाऱ्यांना ऐकू येई. तरी मिशनच्या कंपाउंडातल्या त्यांच्या दोन खोल्यांत गिटार शिकायला माणसं येतच होती.

अंबादास त्यातलाच. वीज खात्यात लाइनमन, वय सेहेचाळीस. सहा महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आला तो छाती पुढे काढून.

“अकरा हजाराच्या लाइनवर कामं केलीत मी, मास्तर. या सहा तारांचं काय घेऊन बसलात? शेंडी तुटो की पारंबी, शिकणार म्हणजे शिकणार.”

मास्तर तेव्हा हसले होते. शिष्य मेहनती निघाला, बोटंही लवकर बसली. पण एक गोष्ट त्यांना कळत नव्हती. दर गुरुवारी ते त्याची गिटार सुरात लावून देत, आणि पुढच्या गुरुवारी ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ढिली होऊन परत येई. मास्तर तारा लावायला बसले की अंबादासला हटकून तहान लागे. तो अंगणातल्या नळावर जाई, तो सगळं लावून झाल्यावरच परत येई. वाजवताना मान एका बाजूला वळवून बसे. मास्तरांना वाटलं, ही कुठल्या तरी कलाकाराची नक्कल असेल.

आज त्यांनी गिटार त्याच्याच पुढ्यात ठेवली होती.

“आज तू लाव.”

“तुम्हीच लावा ना. तुमचा हात…”

“माझा हात किती दिवस पुरणार? आज पहिली तार सुरात आण. नाहीतर गिटार इथं ठेवून घरी जा आणि परत येऊ नकोस.”

अंबादासनं तारेकडे पाहिलं. पुढ्यात तार सैल पडली होती, तिच्यावर ठिकठिकाणी गंजाचे तांबूस डाग होते. सहा महिने तीच तार वर-खाली होत होती. नवी लावायचं त्यानं नावच काढलं नव्हतं.

“घरी गेलास की ढिल्या करतोस ना?” मास्तरांनी विचारलं.

“…हो.”

“का?”

“तार मोकळी राहिली की टिकते, असं ऐकलंय.”

“कोणाकडून?”



मास्तरांनी हार्मोनियमचा भाता उघडला, एक पट्टी दाबली, सूर खोलीभर ऐकवला आणि भाता मिटला.

“कॉलेजच्या त्या कार्यक्रमाचं बोलला होतास. तिथं काय ऐकलंस म्हणून माझ्याकडे आलास?”

“सांगितलंय की मागं.”

“गाणं चांगलं होतं, एवढंच सांगितलंस. कुठलं गाणं?”

“आठवत नाही.”

“मग?”

अंबादासनं तळवे गुडघ्यांवर पुसले.

“कॉलेजच्या मैदानावर होता कार्यक्रम. लाइट जाऊ नये म्हणून मला डीपीपाशी ड्युटी दिलेली. स्टेजच्या अगदी बगलेला. एक पोरगी गिटार वाजवत होती, माझ्या थोरलीएवढी. आणि मधेच तिची तार तुटली, मास्तर. माइकमधून आवाज आला. टण्ण…”

“मग?”

“मी खाली बसलो.”

“खाली?”

“डीपीच्या मागं. डोक्यावर दोन्ही हात घेऊन. हजार माणूस टाळ्या पिटतंय अन् मी मातीत बसलेलो.” तो मास्तरांकडे बघत नव्हता. “मग उठलो. वाटलं, पोरीचं काही बरंवाईट झालं असेल. बघतो तर ती हसत होती. हातावर ओरखडा, तुटलेली तार लोंबतीये, अन् ही पाच तारांवर वाजवतीये. मला गाणं नाही आठवत. तिचं हसणं आठवतं. म्हटलं, हे आपल्याला आलं पाहिजे. दुसऱ्या आठवड्यात गिटार घेतली.”

“आणि खाली का बसलास?”

बाहेर कोणीतरी नळ चालू केला आणि बंद केला.

“गोरक्ष म्हणून होता माझा जोडीदार,” अंबादास म्हणाला. “पाथर्डी रोडला तार ओढत होतो आम्ही. तारेला झोळ होता, तो काढायचा होता. गोरक्ष वर खांबावर. मी खाली, ताण द्यायच्या हँडलवर. तो म्हणाला, अजून एक फेरा. मी दिला. तो म्हणाला, अजून एक. मला तार करकरलेली ऐकू आली, मास्तर. ऐकू आली. तरी मी फेरा दिला…”

मास्तर पुढे सरकले. त्यांना शब्द ऐकू येत होते की ओठ दिसत होते, सांगता येत नाही.

“तुटून मानेवर बसली त्याच्या. वरच्या वर गेला. नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मी हँडलला हात लावलेला नाही. पोरांना सांगतो, तुम्ही ओढा, मी देखरेख करतो. सगळ्यांना वाटतं ढाकणे मोठा झाला.”

त्याला रडू येत होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

मास्तरांनी गिटार उचलून टेबलावर आडवी ठेवली. चष्मा काढून खिशात घातला. मग टेबलावर वाकले आणि उजवा कान पहिल्या तारेजवळ नेला, इतका जवळ की मधे जेमतेम एक बोट मावेल.

“मी तार छेडतो. तू खुंटी पिळ.”

“मास्तर, तोंड बाजूला घ्या.”

“बाजूला घेतलं तर ऐकू कसं येणार?”

“डोळ्याला लागेल!”

“मग जपून पिळ.”

अंबादास उभा राहिला. दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं, चार पावलांवर. मास्तर तसेच वाकून होते. म्हातारी मान, पातळ कातडी, गालावर पांढरे खुंट. असं किती वेळ वाकून राहणार हा माणूस?

त्यानं खुंटी धरली. एक फेरा दिला.

मास्तरांनी नखानं तार छेडली. ती नुसतीच फरफरली.

“अजून.”

दुसरा फेरा. आवाज जरा वर चढला. अंबादासच्या तळहाताला घाम सुटला आणि खुंटी निसटू लागली. त्यानं हात शर्टाला पुसला.

“अजून.”

तार ताठ झाली. आता ती मास्तरांच्या गालापाशी थरथरताना दिसत होती.

“मास्तर, झालं आता. लागली सुरात.”

“नाही लागली. एक फेरा अजून.”

शब्द तेच होते. अंबादासला पाथर्डी रोड दिसला, ऊन दिसलं, वर खांबाला बांधलेला गोरक्षचा पट्टा दिसला.

“मला नाही जमणार.”

मास्तरांनी डोळे मिटले आणि कान होता तिथंच ठेवला.

अंबादासनं अर्धा फेरा दिला. खुंटीपाशी बारीक कर्र झालं. ते त्याला ऐकू आलं. मास्तरांना आलं की नाही, कोण जाणे. त्यांनी तार छेडली. आणि त्या क्षणी, अगदी पुरा, हार्मोनियमवर ऐकलेला तोच सूर खोलीत उमटला.

मग तार तुटली.

अंबादास खाली होता. फरशीवर, डोक्यावर दोन्ही हात घेऊन. आपण कधी बसलो हे त्याला कळलंच नव्हतं. वरून काहीच आवाज येत नव्हता, आणि वर बघायचं त्याचं धाडस होईना.

“मास्तर…”

उत्तर नाही.

“मास्तर!”

तो टेबलाला धरून उठला. मास्तर सरळ होऊन बसले होते. डोळ्याखाली दोन बोटांवरून जबड्यापर्यंत लाल रेघ उठली होती आणि तिच्या टोकाला रक्ताचा थेंब जमत होता. ते टेबलाच्या खणात काहीतरी चाचपत होते.

“रक्त येतंय, मास्तर!”

“काय म्हणतोस?”

“रक्त! गालाला!”

“असू दे.”

खणातून त्यांनी कागदी पाकीट काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. आत नवी तार होती, गुंडाळी केलेली.

अंबादासनं ती घेतली. खुंटीच्या भोकात तार ओवायला त्याला चार वेळा प्रयत्न करावा लागला. डोळ्यांतलं पाणी गिटारवर पडत होतं, ते तो बाहीनं पुसत होता. मास्तरांनी घाई केली नाही. थेंब ओघळून त्यांच्या कॉलरवर आला, तोही त्यांनी पुसला नाही.

तार ओवून झाली. ढिलीच होती अजून.

मास्तर टेबलावर वाकले. या वेळी त्यांनी मान फिरवली आणि दुसरा गाल तारेशी नेला.

अंबादास बघत राहिला… मग त्यानं खुंटी धरली.

“पिळ,” मास्तर म्हणाले. “या कानानं मला जरा बरं ऐकू येतं.”