चाळीस टिक

मला ही गोष्ट लिहायची नव्हती. पेपरात दर रविवारी बोधाची गोष्ट लिहितात त्या आमच्या शाळेतल्या घोलप बाई मनगट मोडून बसल्या, म्हणून ही माझ्या गळ्यात आली. मी चौथीतून उठलेला माणूस. नाही म्हटलं तर बाई म्हणाल्या, "पारावर बसून रोज सांगता ना, मग कागदावर सांगायला काय होतं?" वर तीन अटी घातल्या. सुरुवात 'एकदा एक' अशी करायची, कुणाचं नाव घालायचं नाही, आणि शेवटी बोध द्यायचा. गोष्ट माझी, अटी त्यांच्या. बरं.

एकदा एक वृद्ध शिकारी होता. 'वृद्ध' हा शब्द बाईंचा. आम्ही त्याला बाबा म्हणायचो. शिकारबंदीचा कायदा यायच्या आधीचे हे दिवस. जनावर माणसावर उठलं की सरकार बाबाला निरोप धाडायचं. त्याची नजर तोवर मंदावली होती, म्हणून गोळी त्याचा शिष्य मारायचा. शिष्य तालुक्याच्या गावचा, मॅट्रिक झालेला, हाताचा स्थिर. आणि बंदूक, काडतुसं, पाण्याची पिशवी वाहायला मी. मी काही पोरगा नव्हतो. लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप होतो.

त्या साली आमच्या डांगाणात, म्हणजे डोंगरी मुलखात, कड्याखालच्या वाडीवर एक बिबट्या माणसं उचलायला लागला. दोन गेली. सापळा त्याला ठाऊक झालेला, बांधलेल्या बकरीकडे तो ढुंकून बघेना. पण सकाळचं ऊन पडलं की दरीपलीकडच्या एका खडकावर येऊन बसायचा. मध्ये दरी, तीनशे पावलांच्या वर अंतर. जवळ जायला वाट नाही. एकच गोळी मिळणार, ती दरीवरून. सरकारी हुकूम पंधरा दिवसांचा. ती वाडी म्हणजे माझी सासुरवाडी, आणि बायको लेकरं घेऊन तिथंच होती. त्यामुळे माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

एवढ्या लांबचं मारायचं तर बंदुकीवर दुर्बीण पाहिजे. बाबाने शिष्याला शहरात पाठवलं. सांगितलं, हलकी आण, भरवशाची आण. शिष्य घेऊन आला ती मनगटाएवढी जाड, काळी, चकचकीत. तिच्यातून लांबच्या बकरीच्या दाढीचा केस मोजता यायचा. वजन विचाराल तर दोन भाकऱ्या आणि एक कांदा बंदुकीच्या डोक्यावर ठेवल्यासारखं. बाबाने ती हातात तोलली आणि तोंड वाकडं केलं. शिष्य म्हणाला, "बाबा, जड असली की नेम डगमगत नाही. दुकानदारानेच सांगितलं." दिवस कमी होते. बाबा गप्प बसला. तिथंच चुकला.

खालच्या ओढ्यात पत्र्याच्या डब्याचं बूड टांगून शंभर पावलांवरून नेम बसवला. गोळी बुडाच्या मधोमध लागली. मग बंदूक माझ्या खांद्यावर देऊन आम्ही घाट चढायला लागलो, आणि तिसऱ्या वळणावर मी घसरलो. लपवत नाही. बंदूक माझ्या खांद्यावरून निसटून दगडावर आपटली. मी उचलली, पुसली, दोघांना दाखवली. काच शाबूत होती. तसेच पुढे चढत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ऊन पडायला बिबट्या खडकावर आला. शिष्याने श्वास धरला, गोळी सोडली. बिबट्याच्या अंगापासून वीतभर बाजूला खडकाचा टवका उडाला आणि जनावर नाहीसं झालं.

तिन्हीसांजेला झऱ्यावर गेलेली एक म्हातारी परत आली नाही. बाईंनी नावं नको म्हटलंय, पण हिचं घालणार. पारूबाई. आल्या दिवशी तिने आम्हा तिघांना नागलीची भाकर दिली होती, आणि मला "जावई, लाजू नका, अजून एक घ्या" म्हणून आग्रह केला होता.

तिचा देह खाली आणला तेव्हा सगळी वाडी जमली. तिचा लेक एकच विचारत होता, गोळी चुकली कशी? शिष्य उभा होता. तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "याने बंदूक दगडावर आपटली. माझा नेम कधी चुकतो का? म्हातारी याच्यामुळे गेली."

बाबाने मला विचारलं, आपटली होती का? मी हो म्हणालो. आपटली तर होतीच. बाबा म्हणाला, "उद्यापासून बंदुकीला हात लावू नको."

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. सासऱ्याने पाण्याचा तांब्या द्यायचा सोडला नाही, पण तो माझ्या हातात न देता खाली ठेवायला लागला. बायकोने विचारलं, खरं सांगा, जोरात आपटली का? मी कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारायचो, खडकाकडे बघायचो. खडक रिकामा. रात्री डोळा लागला की वळणावरचा तो दगड दिसायचा. पारूबाई माझा पाय घसरल्यामुळे गेली असं मलाच वाटायला लागलं होतं.

बाबा पारूबाईच्या लेकाकडे बसायला गेला होता. तिथे लेक आईच्या आठवणी काढत म्हणाला की आदल्या संध्याकाळी ती किती हसली होती. बाबा तेव्हा पलीकडे माग काढायला गेलेला, मी लाकडं आणायला. मागे शिष्याने वाडीतल्या लोकांना दुर्बीण दाखवली. पारूबाईलाही डोळा लावू दिला. बाजूची चकती फिरवून टिक टिक आवाज ऐकवला. चाळीस टिक एकीकडे फिरवली, नेमाची खूण बाजूला कशी सरकते ते दाखवलं, आणि चाळीस टिक मोजून परत जागेवर आणली. पारूबाई म्हणाली होती, हे तर घड्याळ झालं की.

बाबा तिथून लगेच उठला. सकाळी एकटाच शहराला गेला. शिष्य चिडला. हुकुमाचे दिवस संपत आलेत आणि म्हातारा बाजार करत फिरतोय, म्हणाला.

दुकानात काय झालं ते बाबाने मला मागाहून सांगितलं. दुकानदाराने काचेच्या कपाटातून एकेक दुर्बीण काढली. ही इतकं मोठं दाखवते, ही तितकं. बाबाने एकीलाही डोळा लावला नाही. म्हणाला, "शेठ, तुम्ही स्वतः रानात जाता तेव्हा कुठली लावता?" दुकानदाराने कपाट बंद केलं. मग खालच्या खणातून एक आखूड, बारीक, ओरखडे पडलेली दुर्बीण काढली. म्हणाला, ही गिऱ्हाइकाला दाखवत नाही, दिसायला बरी नाही. बाबा म्हणाला, हीच द्या.

तिसऱ्या दिवशी बाबा आला. आम्हा दोघांना खालच्या ओढ्यावर घेऊन गेला. आधी त्या जाड दुर्बिणीचा नेम पुन्हा तसल्याच पत्र्याच्या बुडावर बसवला. मग बंदूक माझ्यासमोर धरली.

"घे. वर जा आणि तिसऱ्या वळणावर पड."

मला वाटलं दुःखाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. शिष्य हसला. मी म्हणालो, बाबा, थट्टा करू नका. बाबा म्हणाला, "थट्टा नाही. त्या दिवशी पडलास तसा पड. हातचं राखून पडशील तर परत पाठवीन."

गेलो आणि पडलो. पहिल्यांदा नीट पडता येईना, अंग आपोआप सावरत होतं. खालून बाबा ओरडला, हे बसणं झालं, पड. दुसऱ्यांदा पडलो तेव्हा कोपर सोललं आणि बंदूक त्याच दगडावर आदळली. खाली आणली. शिष्याने गोळी मारली. आधीच्या भोकाच्या काठाला काठ लागला.

मी ते भोक किती वेळ बघत होतो कोण जाणे.

मग बाबाने चकतीवर बोट ठेवलं. चाळीस टिक मोठ्याने मोजत फिरवली, आणि तशीच मोजत परत आणली. शिष्याला म्हणाला, मार. गोळी चार बोटं बाजूला गेली. शिष्य म्हणाला, वारा असेल. बाबाने पुन्हा नेम बसवला, पुन्हा तसंच केलं. पुन्हा चार बोटं. शंभर पावलांवर चार बोटं चुकलं तर दरीपलीकडे वीतभर चुकणारच, हे कळायला मॅट्रिक लागत नाही.

मग ओरखड्यांची दुर्बीण चढवली, एका गोळीने तिचाही नेम बसवला. मला पुन्हा वर पाठवलं, मी पुन्हा पडलो. एव्हाना मला सवय झाली होती. चाळीस टिक गेली, चाळीस टिक आली. गोळी मारली तर बुडात नवं भोक दिसेना. जवळ जाऊन पाहिलं, तर जुनंच भोक जरासं रुंद झालं होतं.

शिष्य एवढंच म्हणाला की हिच्यातून मिशी दिसत नाही. बाबा म्हणाला, मिशी मोजायला आपण न्हावी आहोत का?

वर जाताना बाबाने बंदूक माझ्या खांद्यावर दिली. हलकी लागली. दुर्बीण हलकी होती हे खरंच, पण तेवढंच कारण नव्हतं.

हुकुमाचा चौदावा दिवस. बिबट्या उन्हाला आला, जरा लंगडत; त्या दिवशीचा खडकाचा टवका पायाला लागला असावा. शिष्याने मारला. एकाच गोळीत, खडकावरून उठूही दिला नाही. हात त्याचा चांगलाच होता, ते मी कधी नाकारलं नाही.

वाडी गोळा झाली. ओढ्यावर काय दिसलं ते बाबाने सगळ्यांना सांगितलं, मग डोक्याचा पटका काढून हातात घेतला आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. म्हणाला, "मी तुला बंदुकीला हात लावू नको म्हणालो, ते चुकलो. दुर्बीण जड आहे हे हाताला कळलं होतं, तरी गप्प बसलो, तेही चुकलो. पारूबाई माझ्या खात्यावर आहे. याच्या नाही."

पारूबाईच्या लेकाने मान खाली घातली. मग बाबा शिष्याकडे वळला, आवाज न चढवता. "दुर्बीण हलायचीच. वाटेने जाताना हलते, वारा बघून आपण मुद्दाम हलवतो. हलली म्हणून ती वाईट ठरत नाही. जितकी गेली तितकी परत जागेवर आली की झालं. जी परत येत नाही, ती कितीही स्वच्छ दाखवो, तिच्या भरवशावर गोळी सोडू नये. माणसाचंही तेच."

सगळे शिष्याकडे बघत होते. माझा सासराही. मी पण थांबलो होतो. एक शब्द पुरला असता. शिष्याने खिशातून रुमाल काढला, दुर्बिणीची काच पुसली आणि म्हणाला, ऊन चढतंय, कातडं काढायला घ्या.

त्या दिवशी सासऱ्याने तांब्या माझ्या हातात दिला.

बाबाला जाऊन पन्नासएक वर्षं झाली. शिष्य मोठा झाला, तालुक्यात घर बांधलं, बाजारपेठेत दुकानं काढली. लग्नात, मयतीला भेटतो. नमस्कार करतो, गुडघे कसे आहेत विचारतो. तेवढ्यावर बोलणं थांबतं. त्या गोष्टीपाशी आला की रुमाल काढतो आणि चष्मा पुसतो.

बोध बाबाने सांगितला आहे, मी वेगळा काय सांगू. बाईंची नावाची अट मी एकदा मोडलीच आहे, आता दुसऱ्यांदा मोडतो, कारण शिष्य हा पेपर दर रविवारी वाचतो हे मला ठाऊक आहे. मीही नव्वदीला टेकलोय, तोही फार मागे नाही. चाळीस टिक गेलेला माणूस अजून परत जागेवर आलेला नाही. त्याचं नाव जनार्दन रावजी मालुंजकर.