साहेबांनी वाढवलेला नारळ

खाडीकाठच्या त्या शाळेत परुळेकरबाई चुलीपाशी बसून गणित शिकवत. गूळ वितळू लागला की साऱ्या वर्गाला त्याच्या वासाची गुंगी येई आणि लाजऱ्या तन्वीला वाफेत पाव, अर्धा, पाऊण तरंगताना दिसत.

एके दुपारी तपासणीला मोठे साहेब आले. "काय हो बाई, ही शाळा की खानावळ? उद्यापासून चूल बंद!"

बाईंचा चेहरा उतरला. तन्वी धीर करून म्हणाली, "साहेब, आम्हाला भागाकार इथेच कळला."

"अस्सं? भागलं की संख्या लहान होते, एवढं तरी कळलं का?"

"कधी कधी मोठीही होते, साहेब."

साहेब खो खो हसले. "दाखव बघू! दाखवलंस तर चूल राहील."

तन्वीने सारणासाठी आणलेला नारळ त्यांच्या हाती दिला. "याचे अर्धे अर्धे भाग करा."

साहेबांनी कोयत्याचा घाव घातला. पाणी ओघळलं, हातात दोन वाट्या आल्या.

"एकाला अर्ध्याने भागलं, दोन आले," तन्वी हळूच म्हणाली. "म्हणून तर आपण नारळ फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणतो."

साहेब दोन्ही वाट्यांकडे पाहतच राहिले. मग त्या बाईंपुढे करत म्हणाले, "खोवायला घ्या बाई, चूल विझतेय."