कासारणीचं मौन

घाटाखालच्या एका गावात चिमा नावाची कासारीण राहायची. बांगड्या भरताना तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, की बायकांना हात दुखल्याचं कळायचंसुद्धा नाही.

एकदा तिचा नवरा माल आणायला घाटावर गेला, तो चार महिने झाले तरी परतला नाही. चिमाचा जीव टांगणीला लागला. देवळात उतरलेल्या एका बुवांनी सांगितलं, "चाळीस दिवस मौन धर, तुझा धनी घरी येईल. पण एक शब्द जरी बोललीस, तर सगळं फुकट!"

चिमाने ओठ मिटले. खुणा करून बांगड्या विकल्या. पायाला विंचू चावला, तरी तिने हूं की चूं केलं नाही. असे अडतीस दिवस गेले.

एकोणचाळिसाव्या दिवशी दुपारी शेजारून कण्हणं ऐकू आलं. तिथे ठकूबाई एकटीच राहायची, डोळ्यांनी आंधळी. चिमा धावली. म्हातारी तापाने फणफणली होती. चिमाने कपाळावर ओली पट्टी ठेवली, तशी ती दचकून भिंतीकडे सरकली.

"कोण आहे? कोणाचा हात हा?"

चिमाने तिचा हात धरला. म्हातारीने तो झिडकारला. पाण्याचा गडूही लवंडला. "बोलत का नाहीस? मला न्यायला आलास का रे?" म्हणत ती लहान पोरीसारखी रडू लागली.

दोनच दिवस उरले होते. चिमाच्या डोळ्यांपुढे नवऱ्याचा चेहरा आला.

"मी गं मावशी, चिमा," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला. "भिऊ नकोस. मी आहे ना!"

"चिमा होय!" म्हातारीने तिचा हात घट्ट धरला. चिमाने पुन्हा भरलेल्या गडूतलं पाणी ती घोटभर प्यायली. "आता बोलत राहा गं."

ऊन कलेपर्यंत चिमा बोलत राहिली. म्हातारीला घाम फुटला, ताप उतरला. मग चिमा देवळात गेली. "देवा, व्रत मोडलं. राग धरायचा तर माझ्यावर धर, त्यांच्यावर नको."

पुढे गावात कोणीही आजारी पडलं, की चिमा उशाशी जाऊन बसू लागली. देवाकडे काही मागायचं मात्र राहूनच जाई.

दिवाळी सरली आणि नवरा काठी टेकत दारात उभा राहिला. घाटात पाय मोडला होता, धनगरांनी त्याला आपल्या वाड्यावर ठेवून जगवलं होतं.

बायका म्हणाल्या, "व्रत मोडूनही देव पावला गं तुला!"

चिमा डोळे पुसत म्हणाली, "ते देवालाच ठाऊक. पण हे आले नसते ना, तरी मी मावशीला ओ दिलीच असती."

तात्पर्य: आपलं भलं व्हावं म्हणून केलेल्या व्रतापेक्षा, घाबरलेल्या जिवाला दिलेला धीर ही मोठी भक्ती.