टाकीतला गाळ

“मग हे तेल परत करून येऊ का, बाबा?”

गुणवंताने तिसऱ्यांदा विचारलं. मोतीगीर बाबा मठाच्या पायरीवर बसून करंजाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठलं तेल?”

“करंजाचं बायोडिझेल. खोटं निघालं ते. त्यानंच काल गाडी बंद पाडली.”

अंगणात मठाची जुनी डिझेल गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती. टेकडीभोवतीच्या वस्त्यांना दवाखाना गाठायला तेवढंच एक वाहन. काल गुणवंत तिच्यातून पारूमावशीला डायलिसिसला घेऊन निघाला होता. अर्ध्या वाटेत गाडीने दोन आचके दिले आणि मान टाकली. मावशी दिवसभर उन्हात बसून राहिली. दिवस कलल्यावर एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून गाडी परत ओढत आणली. दवाखाना राहिला तो राहिलाच. मावशीचे पाय सुजले होते. उद्या तिला न्यायलाच हवं होतं.

“मी कसं घालायला सांगितलं होतं?” बाबांनी विचारलं.

“चार भाग डिझेल, एक भाग हे.”

“आणि तू?”

“सगळी टाकी यानंच भरली.”

“का रे?”

“करायचं तर पुरतं करायचं, बाबा. अर्धंमुर्धं मला जमत नाही.”

“हं... घर सोडून आलास, तेव्हाही असंच म्हणाला होतास.”



बाबा उठले. “आतून दूध गाळायचं फडकं आण.”

फडकं आलं. बाबांनी कॅनमधलं नवं तेल त्यावर थोडं ओतलं. मधासारखं पिवळं तेल झरझर खाली उतरलं. फडकं ओलं झालं, तेवढंच.

“काय राहिलं वर?”

“काहीच नाही.”

“आता टाकीखालचा बोल्ट सोड.”

गुणवंत गाडीखाली सरकला. बोल्ट ढिला झाला, तसं काळं, चिकट काहीतरी गोळ्यागोळ्यांनी फडक्यावर पडलं. काजळी कालवल्यासारखं.

बाबा वाकून बघत होते. “आता दुधाला दुसरं फडकं शोधावं लागणार.”

गुणवंताला हसू आलं नाही.

“हे कुठलं?” बाबांनी विचारलं.

“तळाचं. जुन्या डिझेलचा गाळ... कित्येक वर्षांचा.”

“इतकी वर्षं गाडी चाललीच ना?”

“चालली. तळाला धरून बसला होता तो. या तेलानं सुटला, आणि सगळा एकदम फिल्टरमध्ये जाऊन अडकला.”

“मग तेल खोटं?”

गुणवंत गाडीखालून बाहेर आला. हात काळे झाले होते. ते तसेच मांडीवर ठेवून तो खाली बसला.

“बाबा... मी तेलाचं विचारायला आलो नव्हतो.”

“ठाऊक आहे.”

“मठ सोडावा म्हणतो. इथं आलो तेव्हा मन निवांत होतं. तुम्ही जप दिलात आणि बिघडलं. डोळे मिटले की भाऊ दिसतो. त्यानं माझ्या वाट्याची विहीर बळकावली, ते दिसतं. नरडीला हात घालावासा वाटतो त्याच्या. जपानं माणूस असा होतो?”

बाबांनी काळं फडकं उचललं. घडी घातली. त्याच्या पुढ्यात ठेवलं.



“पारूमावशी सांगत होती,” बाबा म्हणाले, “गाडी बंद पडली तिथून तुझ्या भावाचं घर दिसतं.”

गुणवंताची मान खाली गेली.

“दिसतं.”

“दारात कडुनिंब आहे म्हणाली.”

“आहे.”

“तिथं दुसरी कुठं सावली?”

“नाही... उघडा माळ आहे सगळा.”

“आणि म्हातारी उन्हात बसली.”

गुणवंताच्या ओठाशी आलं होतं, की भावाच्या दारात पाऊल टाकणार नाही अशी आपण शपथ घेतली आहे. पण काल मावशीने पदर डोक्यावर ओढून घेतला होता आणि एका शब्दाने तक्रार केली नव्हती. ते त्याला आठवलं. शपथ ओठातच राहिली.

तो उठला. टाकी पूर्ण रिकामी केली. तळ निथळू दिला. नवा फिल्टर बसवला. मग चार भाग डिझेल आणि एक भाग करंजाचं तेल असं माप धरून, न सांडता, हळूहळू ओतलं. एवढं सावकाश काही करताना बाबांनी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

गाडी सुरू झाली. जरा खोकली, मग नीट चालू लागली.

मठ सोडायचं तो पुन्हा बोलला नाही. पण किल्ली हातात धरून पायरीशी उभाच राहिला.

“बाबा, गाळ अजून असणार आत. उद्याही वाटेत अडली तर?”

“अडेल.”

“त्याच माळावर?”

“तिथंही अडेल.”

“मग मी काय करू?”

बाबांनी झोळीतून आणखी एक फिल्टर काढला आणि त्याच्या काळ्या हातावर ठेवला.

“बदलायला वेळ लागतो. आधी मावशीला सावलीत नेऊन बसव.”